होडीचा रंग लावलेल्या गाडीबाबत

मी, मंदाकिनी तानाजी मढवी, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार कोलशेत, ठाणे, अकरावा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबावाखाली न येता हे शब्द वकीलबाई दिशा यांनी घालायला सांगितले. दबाव आहे. मी त्याखाली आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला कोणी मागितला नाही, ते बरे झाले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी कागद काढून दाखवलाच तर तो रद्द समजावा. माझ्या माघारी या पत्राप्रमाणे वाटणी करण्याचे काम वकीलबाई दिशा यांच्याकडे देते.

कलम १. राहता फ्लॅट. आमच्या भातशेतीवर हा टॉवर उभा राहिला तेव्हा बिल्डरने जमिनीच्या बदल्यात हा फ्लॅट माझ्या नावे दिला. तो माझा मुलगा मितेश आणि सून कल्पिता या दोघांना सारख्या हिश्शाने देते. एकाच्या सहीने विकता येणार नाही. मितेशला याचे वाईट वाटेल. त्याने आधी कलम ५ वाचावे आणि मग वाईट वाटून घ्यावे.

कलम २. बँकेतील ठेव नात सान्वी हिच्या शिक्षणासाठी. ती काय शिकणार हे तिचे तिने ठरवावे. सोन्याच्या पाटल्या कल्पिताला. त्या मोडून काही घेतले तरी माझी हरकत नाही.

कलम ३. हत्यारांची पेटी. ही माझे पती कै. तानाजी यांची. ते इथल्याच एका कारखान्यात गाड्यांच्या शेडमध्ये फिटर होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षे मी फक्त उजेडासाठी हातात बॅटरी धरली. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "बारा-तेराचा पाना दे," आणि मी न बघता बरोबर पाना दिला. त्या दिवसापासून त्यांनी मला गाडीखाली घेतले. पेटी सान्वीला देते. तिच्यातली दहा-अकराची जोडी दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नये, परत येत नाही असा माझा अनुभव आहे.

कलम ४. गाडी. माझ्या नावावर २००८ साली नवीन घेतलेली एक लहान पेट्रोल गाडी आहे. ती मी कल्पिताला देते. आता हे कलम लांबणार आहे, कारण ही गाडी बाजारात कोणी फुकट घ्यायला तयार नाही आणि तसे होण्याला मी जबाबदार आहे.

हिचे ऑइल, प्लग, ब्रेक, क्लच वायर, सगळे आम्ही दोघांनी घरी केले. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर तानाजींनी दोनशे पानी वहीत लिहून ठेवले. २०१६ साली मोठी गाडी घ्यायचे मनात होते, म्हणून आम्ही माजिवड्याला विकी नावाच्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. तानाजींनी वही पुढे केली. त्याने ती उघडलीदेखील नाही.

"काका, वही नको. सर्व्हिस सेंटरचा शिक्का कुठाय? शिक्का नसला की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, गाडी कुठं ठोकली."

"शिक्का मारनाऱ्या पोराला काम मीच शिकवलंय," तानाजी म्हणाले.

"असेल ना काका. पण मार्केट शिक्का बघतं."

भाव त्याने निम्म्यावर आणला. आम्ही गाडी घेऊन परत आलो. तानाजींनी वही गाडीतून काढून घरात ठेवली. माझ्या विकीवरच्या रागाचे कारण हे आहे आणि तो राग मी कोणाला वाटून देत नाही, सोबत नेते.

तानाजी २०१८ साली गेले. वर्षश्राद्ध झाले आणि मितेशने त्याच विकीला घरी बोलावले. गाडी तेव्हा दिसायला चकाचक होती, म्हणून शिक्का नसूनही त्याने ऐंशी हजार सांगितले. मितेश म्हणाला, "आई, चांगले देतोय. देऊन टाकू." आत्ता नको म्हणून मी वेळ मारून नेली, पण घाबरले. कारण गाडी गेली की माझा बुधवार गेला. माझी मोठी बहीण आवडाबाई शहाडला असते, तिचे पाय गेले आहेत. दर बुधवारी मी खाडीतले ताजे निवटे मासे घेऊन, स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जात असे. आम्ही दोघी मिठागरात वाढलो. तिच्याशी मी ज्या भाषेत बोलते ती भाषा आता या अकरा मजल्यांत कोणी बोलत नाही.

म्हणून मी ठरवले. घरच्या हाताने भाव पडतो हे विकीनेच शिकवले होते. मग तो हात सगळ्यांना दिसू दे. माझा नियम एकच होता, काम पक्के आणि दिसणे वाईट. रिक्षाने डावे दार घासले, तेव्हा मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर होडीचा निळा रंग लावला, खाडीवर होड्यांना लावतात तोच डबा. गाडीचा निळा वेगळा, होडीचा वेगळा. किलोमीटरचा मीटर बंद पडला तो शहाडच्या भंगारवाल्याकडून दुसरा आणून बसवला. त्याच्यावरचा आकडा गाडीच्या आकड्याहून कमी, म्हणजे बघणाऱ्याला सरळ फसवणूकच वाटावी. जुना मीटर आणि बदलल्याची नोंद वहीत आहे. डॅशबोर्डखालच्या वायरींना तीन रंगांच्या टेप गुंडाळल्या. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे राहू दिले.

२०२२ साली विकी पुन्हा आला. रंगाची जाडी मोजायचे यंत्र त्याने दाराला लावले.

"काकी, हा काय रंग मारलाय? मशीन येडी झाली."

"होडीचा आहे. बुडणार नाही," मी म्हटले.

त्याने मितेशला बाजूला नेऊन काहीतरी सांगितले आणि निघून गेला. त्या रात्री मी पोटभर जेवले. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षे झाली, तेव्हा आरटीओच्या फिटनेसला मी ती स्वतः नेली आणि ती पहिल्या फेरीत पास झाली. पुढची पाच वर्षे मिळाली. मला वाटले, जिंकले.

कलम ५. माझी चूक. यंदा मार्चमध्ये पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मी खांबाला धडकले. मला काही झाले नाही, बंपर चेपला. मितेशने दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहवून घेतले की मढवी आजींना गाडी काढू देऊ नये. तो दुष्ट नाही. बापाला अचानक जाताना बघितलेला मुलगा आहे, घाबरलेला आहे. "कुठे जायचं ते सांग, मी नेतो," असे तो म्हणतो. मी शहाड म्हटले. आठ महिन्यांत त्याला शहाडसाठी एक बुधवार मिळालेला नाही. आवडाबाईला फोनवर ऐकू येत नाही. रिक्षाने जावे तर अर्ध्या वाटेत गुडघे आखडतात. लिफ्टने खाली जाते, गेटपर्यंत चालते, परत येते.

आणि गाडीला भाव नाही म्हणून मितेश ती आता मोडीत काढणार आहे. मोडीत काढल्याचे सर्टिफिकेट मिळाले की नव्या गाडीवर सूट मिळते म्हणे. विकायला लायक राहू नये म्हणून मी जे जे केले, त्यानेच ती मोडायला लायक झाली. मीच खणलेल्या खड्ड्यात मी पडले, हे कबूल करते. गाडी माझ्या नावावर असल्याने माझी सही लागते. तो फॉर्म मितेशने फ्रिजवर चुंबकाखाली लावला आहे. दूध काढायला गेले की दिसतो. तो सही मिळेपर्यंत किल्ली देत नाही, मी किल्ली मिळेपर्यंत सही करत नाही. खाली गाडी धूळ खाते, वर मी.

मितेश, तुला हिस्सा कमी पडला असे वाटले तर त्या आठ महिन्यांचा विचार कर. मी तुझ्यावर रागावलेली नाही, असे लिहिणार होते. रागावलेली आहे.

कलम ६. कल्पितालाच का. ती डोंबिवलीची, लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. लायसन तेव्हाचेच, कपाटात साड्यांखाली आहे. मितेशने तिलाही गाडी दिली नाही. "तुला ट्रॅफिकची सवय नाही," एवढेच म्हणाला, आणि सवय कशी व्हायची ते कोणी सांगितले नाही. गेल्या महिन्यात दुपारी ती फ्रिजसमोर उभी राहून तो फॉर्म वाचत होती. मला म्हणाली, "आई, खरंच इतकी खराब झालीय का हो?"

मी तिला वही दिली. तिने दोन दिवसांत सगळी वाचली. ज्या वहीला माजिवड्यात किंमत मिळाली नाही ती कोणीतरी पहिल्या पानापासून वाचली, हे तानाजींना कळायला हवे होते. म्हणून वहीसुद्धा तिला देते. एक अट घालते, पुढची पाने तिने भरावीत. आणि डाव्या दाराखाली खरोखरचा गंज आहे, तिथे मी लबाडी केलेली नाही, तो वेळेत बघावा.

कलम ७. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, म्हणून कल्पिताची सही खाली नाही. त्यांनी असेही सांगितले की हे पत्र मी मेल्यावरच लागू होते. मला हे आधी नीट लक्षात आले नव्हते. मी मरेपर्यंत कल्पिताने काय करायचे? फ्रिजपुढे उभे राहायचे?

येथपर्यंतचा मजकूर कोलशेतच्या घरी लिहिला. पुढचे कलम आज वाढवत आहे.

कलम ८. किल्ल्या दोन नव्हत्या, तीन होत्या. तिसरी तानाजींनी करून पेटीच्या तळाशी ठेवली होती. काल मितेश ऑफिसला गेल्यावर मी ती कल्पिताच्या हातात दिली. मेलेली बॅटरी काढून नवी तिने स्वतः बसवली. मी खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि फक्त सांगत होते. काढताना वजा खुणेची पट्टी आधी, लावताना शेवटी. तिने मागितला तेव्हा मी पाना पुढे केला.

साक्षीसाठी मी गेटवरचे नयन शेलार यांना विचारले होते. रात्रपाळी करतात, राहायला शहाडलाच आहेत. माझ्या नावाचे ते रजिस्टर आठ महिने सांभाळणारे तेच. सकाळी मी गेटपर्यंत गेले की प्रत्येक वेळी खाली बघायचे, म्हणून त्यांनाच विचारले. आज सकाळी सात वाजता कल्पिताने गाडी गेटवर आणली. मी शेजारच्या सीटवर होते. नयन यांनी रजिस्टर काढून आम्हाला वाचून दाखवले.

"आजींना गाडी काढू देऊ नये, असं लिवलंय. वहिनींचं नाव नाय यात." मग त्यांनी गेट उघडले, दिवसाच्या माणसाकडे रजिस्टर दिले आणि मागे येऊन बसले. "आजी, मी पण शहाडलाच. सही तिथंच करू ना?"

कल्पिता सगळी वाट चाळीसच्या वर गेली नाही. दोन ठिकाणी गाडी बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तिने पुन्हा चालू केली. मी एकदाही काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी फार अवघड होते.

आवडाबाई खाटेवर बसून होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आयलीस? मना वाटला तू मेलीस, न् मना कोनी सांगला नाय."

मेलेली नाही. म्हणून हे पत्र आजपासून घडी घालून वहीत ठेवावे. घाई नाही.

हे पत्र मी वाचले, वकीलबाईंच्या सांगण्यावरून पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही : मंदाकिनी तानाजी मढवी

साक्षीदार १ : नयन गोविंद शेलार, सुरक्षारक्षक, राहणार शहाड

साक्षीदार २ : आवडाबाई देवराम भोईर, राहणार शहाड (सही करताना हात धरावा लागला नाही)

तारीख : १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

ठिकाण : आधी लिहिलेला "कोलशेत" हा शब्द मी स्वतः खोडला असून त्या जागी "शहाड" असे लिहिले आहे. खोडाखोडीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.