टाचा टेकवून

प्रिय खारूताई,

काल दादा दुकानात आला आणि स्टुलावर बसून नुसताच मेणदोरा गुंडाळत राहिला. तुझा भाऊ उगाच हाताला काम लावणाऱ्यातला नाही, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी सांगायचंय. मग बोलला. त्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहायला तू नाही म्हणालीस. "माझा स्वतःचा संसार टिकला नाही, दुसऱ्याच्या लेकराची हमी देवासमोर कोणत्या तोंडाने देऊ? एखादी लायक बाई बघा," असं म्हणालीस म्हणे. वहिनीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, लायक बायका पैशाला पासरी मिळतील, बाळाला आत्या एकच आहे. सून मी निवडली नव्हती, पण निवडली असती तर हीच निवडली असती.

रागावलो नाही. इकडची खबर आधी सांगतो. तुझ्या आईने बाळासाठी टोपी विणली, ती सध्या किटलीवर बसते आणि चहा छान गरम राहतो. बाळाच्या डोक्याएवढं माप घे म्हटलं तर म्हणाली, तुम्ही चपलांचं बघा. मी चपला करत नाही, बूट करतो, हे तिला इतक्या वर्षांत पटलेलं नाही. गेल्या आठवड्यात एका बसड्रायव्हरचा जोड पूर्ण झाला. त्याचा डावा पाय आखूड. बाहेरून तळ जाड केला तर दोन गल्ल्यांवरूनही दिसतं, म्हणून मी उंची आतून दिली, टाचेकडून चवड्याकडे उतरती. घालून तो दुकानाबाहेर चालला आणि कोपऱ्यावरून वळून आला, तर मलाच क्षणभर आठवेना की आखूड पाय कोणता. फुशारकी म्हण हवं तर. कचऱ्यात सापडलेला बूट टाका-टाका उसवून जो धंदा शिकला, त्याला एवढी माफ असावी.

पण सांगायचं होतं ते त्याच्या मापाचं. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक एक चूक हमखास करतं. कागदावर पाय ठेवला रे ठेवला की माणूस ताठ होतो. आखूड पायाची टाच हळूच उचलतो, वाकडी बोटं दाबून सरळ धरतो, श्वाससुद्धा रोखतो. बूट बनवणाऱ्यापासूनच पाय लपवतो. तसं माप घेतलं तर बूट त्या खोट्या पायाला बसतो आणि खऱ्या पायाला चावतो. म्हणून मी पेन्सिल कानावर ठेवतो आणि गप्पा मारतो. ड्रायव्हरला त्याच्या सासऱ्याबद्दल विचारलं. सासऱ्याचा विषय निघाला आणि टाच आपोआप खाली आली. तेव्हा रेघ ओढली.

पोरी, तू देवासमोर टाच उचलून उभी आहेस. ज्याने पाय घडवला त्याच्यापासून पाय लपवतेस. आणि ते जमत नाही म्हणून मापालाच येत नाहीस.

मी शाळेत फार गेलो नाही, पण शुभवर्तमान मी बुटासारखंच वाचलंय, टाका-टाका उसवून. नदीवर येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याने काय केलं होतं? एक आजारी बरा केलेला नव्हता, एक भाकर मोडून वाटलेली नव्हती. सुताराच्या घरातला एक माणूस पाण्यातून वर आला, एवढंच. आणि बापाने वरून सांगून टाकलं की हा माझा लाडका, मी याच्यावर खूश आहे. काम नंतर, शाबासकी आधी. मी पाळकांना विचारलं, हा क्रम मी बरोबर लावतोय ना? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, क्रम तोच आहे, आपण सगळे उलटा लावतो. वधस्तंभाचंही तेच. आपण सुधारल्यावर त्याने जीव दिला नाही, आपण जसे होतो तसे असताना दिला. मग तुझी लायकी सासरच्या दाराशी गळून पडली, हे तुला सांगितलं कोणी?

नवरा सोडून गेल्यावरही तू त्याच्या आईची औषधं पोहोचवत राहिलीस. मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही. पण हा अभिमान वरच्या कातड्याचा. आतलं अस्तर जुनं आहे. तू जन्मलीस ती मुठीएवढी, धड रडताही येत नव्हतं. मी दवाखान्याच्या फाटकावर जाऊन पहारेकऱ्याला म्हणालो, मुलगी झालीय, अशी पोर दुसरी नाही. तो म्हणाला, एवढं काय केलं तिने? मी म्हणालो, जांभई दिली. त्या दिवशी माझी छाती जेवढी फुगली, तेवढी नंतर तुझ्या कुठल्याच बक्षिसाने फुगली नाही, आणि संसार मोडला म्हणून तसूभर उतरलीही नाही.

आता हे का लिहितोय ते सांगतो. तुला पटवायला नाही. पाळकांकडे मी तुझंच नाव दिलंय, आणि दादा-वहिनीने सांगितलंय की तू येशील त्या रविवारी बाप्तिस्मा, तोवर नाही. आपल्या चर्चमध्ये धर्ममातेला बाळ हातात घेऊन सर्वांसमोर म्हणावं लागतं, की हे लेकरू देवाचं आहे, आणि काहीही करण्याआधीपासून त्याला प्रिय आहे. तू खोटं बोलत नाहीस. लहानपणी मार खाल्लास पण खोटं बोलली नाहीस, तर वेदीपुढे काय बोलशील. ते वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि तुझ्या कानांनीही ते ऐकायला हवंय. सगळे बाळाकडे बघतील. मी पहिल्या बाकावर बसून तुझ्याकडे बघत असेन.

तुझाच, फाटकावरचा तोच फुशारक्या मारणारा,
बाबा