पणजीचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

घर घालवणारी म्हणे! माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन! वरवंटा दारावर बसला, बाबूच्या टाळक्यात बसायला हवा होता. असला कसला धाकटा भाऊ?

त्याच्याच पोरीनं, स्वातीनं, गोऱ्या साहेबाचं जुनं इंग्रजी मृत्युपत्र शोधून आणलं. पणजी त्याच्याकडे स्वयंपाकाला होती. बंगल्यामागची खोली साहेबानं तिलाच लिहून दिलेली. आणि खाली साक्षीदार म्हणून अंगठा कुणाचा? पणजीचाच!

"आत्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा."

साहेब म्हणाला अंगठा लाव, तिनं लावला. तेवढ्यानं खोली गेली. आणि आमच्यात सगळे म्हणत आले, बाईनं दारूपायी घालवली.

बाबू हसला. "ताई, तू तिच्यावरच गेलीस. घर घालवणारी." मी नवऱ्याला सोडून आले ते अजून खुपतंय त्याला. वर कागद टराटरा फाडला. मग मी वरवंटा उचलला.

अंगठ्याचा तुकडा तेवढा मी हिसकावला. समोरच ठेवलाय. केवढासा तो अंगठा.

बाबू, रविवारपर्यंत सांग. हा अंगठा तुझ्या घरी आजोबांच्या फोटोशेजारी लावतोस, की वरवंटा घेऊन येरवड्याला तुझ्या दारात येऊ?