मानसशास्त्र मंडळाच्या अध्यक्षपदातून सुटका मिळणेबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर

प्रति,
मा. अधिष्ठाता,
विद्यार्थी कल्याण विभाग,
तल रुम्मान विद्यापीठ, जॉर्डन.

विषय : मानसशास्त्र विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षपदातून मुक्त करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांच्या उत्तरादाखल अभिनंदनपत्रे मिळाली.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून सलग तिसऱ्या सत्रात मंडळाची अध्यक्ष आहे. मंडळातर्फे दर मंगळवारी 'ऐकण्याचा तास' होतो, परीक्षेच्या भीतीवर कार्यशाळा होतात. मुलांना झोप लागू लागली आहे. फाटकावरचे पहारेकरी अबू रिफअतही सुनेविषयी मन मोकळे करून जातात. मंडळ चांगले आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

सर्वांत गाजली ती 'नाही म्हणायला शिका' ही कार्यशाळा. ती मीच घेतली. त्यानंतर अध्यक्षपद घेण्याबाबत एकेका सदस्यास विचारले असता सर्वांनी नजरेला नजर देऊन, आवाज न चढवता, कारण न देता नकार दिला. खजिनदार लैथ तर म्हणाला, "नाही रुबाताई. आणि मला अपराधीही वाटत नाहीये बघ. तुझीच कृपा."

पुढच्या आठवड्यात हाच लैथ सदस्यांना घेऊन, स्वतःच्या आजोबांना पुढे घालून आमच्या घरी आला. लिफ्ट बंद होती. आजोबा चार मजले चढून धापा टाकत बसले. आईने दिलेली कॉफी त्यांनी तोंडाला न लावता खाली ठेवली. मागणे असल्याशिवाय कोणी कप तसा ठेवत नाही, आणि यजमानाने 'कॉफी घ्या' म्हटले की मागणे मान्य झाले, हे आपणांस सांगणे नलगे. मागणे एकच होते, अध्यक्ष मीच राहावे. मला नकारच द्यायचा होता. वाक्यही पाठ होते. पण म्हाताऱ्याचे कोरडे पडलेले ओठ पाहून तोंडून गेले, "आजोबा, आधी कॉफी तर घ्या." त्यांनी ती एका घोटात संपवली. सर्वांनी माझे अभिनंदन केले.

मी केवळ दयेपोटी बोलले, असे वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "कॉफी त्यांच्या पोटात गेली, आता काय बाहेर काढतेस? नायफच्या पोरीनं शब्द फिरवला, असं गावभर व्हायला हवंय का?"

अध्यक्ष विद्यार्थीच असावा लागतो. त्यामुळे मार्गदर्शक डॉ. नवाफ यांच्या सल्ल्याने मी माझा शेवटचा उरलेला विषय, 'आहार व पोषण', दोन वेळा सोडून दिला आहे. आई विचारते, "दुसऱ्या कशात तरी अडकायचं होतंस. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना काय सांगू, पोरीला जेवणातलं कळत नाही म्हणून?"

करक येथील मूकबधिर मुलांच्या शाळेने समुपदेशकाची जागा माझ्यासाठी राखून ठेवली आहे. या सत्राअखेर पदवी दाखवली नाही, तर ती दुसऱ्या मुलीला जाईल. त्या मुलांशी बोलता यावे म्हणून मी खुणांची भाषा शिकले. मला तिथे जायचे आहे. इथे माझा जीव गुदमरतो, आणि ते मी मंगळवारी सांगू शकत नाही, कारण त्या तासाला ऐकणारी मीच असते.

तरी आपल्या अधिकारात मला पदावरून काढून टाकावे, ही विनंती. कारण म्हणून 'अकार्यक्षमता' लिहिण्यास माझी हरकत नाही. मात्र आदेश परस्पर काढावा. मला दालनात बोलावून माझी इच्छा विचारू नये. आपण वडीलधारे आहात. "आणखी एकच सत्र, बेटा," असे आपण म्हणालात, तर मी हो म्हणेन.

आपली, नको तितकी नम्र,
(सही)
रुबा नायफ अल-शुरमान