आखूड शेपटीचा बाजारभाव

६ ऑगस्ट

चि. पंडितास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्राला कारण माझे गुडघे. तिसरा मजला त्यांना आता मान्य नाही. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला निघालाय. मुलगा म्हणतो, सगळं विकून आमच्याकडेच ये. सूनही मनापासून बोलावते. पण तिथे मी पाहुणी आणि इथे मालकीण, हा फरक तुला सांगायला नको. खालच्या फ्लॅटला मागे अंगण असल्यामुळे माझा वरचा विकूनही थोडी रक्कम कमी पडते.

ह्यांना जाऊन सहा महिने झाले. परवा दवाखान्यातली दात काढायची खुर्ची विकली, तेव्हा मागच्या कपाटात घोड्याचं चित्र असलेली पाच नाणी सापडली, पाकिटांत जपून ठेवलेली. ह्यांनी उभ्या जन्मात काही जमवलं नाही आणि तुझ्या छंदाला तर कायम हसले. फोटो सोबत आहे. याचे किती येतील ते कळव, पण फुगवून सांगू नकोस. लहानपणी तुला पाल दिसली की घोरपड व्हायची.

प्रकृतीला जप आणि उत्तर लवकर धाड.

तुझी ताई

---

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोटो मिळाला. भिंग घेऊन बसलो तो चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. ताई, हा साधा घोडा नव्हे, आखूड शेपटीचा घोडा आहे. त्या वर्षी टांकसाळीतला ठसा झिजला आणि नवा कोरताना कारागिराने शेपटी आखडती घेतली. थोडीच नाणी पडली आणि ठसा पुन्हा बदलला. हा भेद सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आला? तुझ्या भावाच्या. सारी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे दुसऱ्यांच्या चुका मला लांबूनही दिसतात. मी या शेपटीवर एक लेखही लिहिला. तो वाचलेला माणूस अजून भेटायचाय, ते सोड.

आता किंमत. हे नाणं पहिल्यांदा लिलावात आलं तेव्हा माझ्याशिवाय कोणी बोलीच लावली नाही. सुरुवातीच्याच भावात पदरात पडलं आणि आनंद व्हायचा तर मला रडू आलं. तुला तेव्हा चार पानी रडगाणं लिहिलं होतं. पुढच्या वर्षापासून मात्र फोनवरून बोली लावणारा एक रसिक उगवला. त्याने भाव असा काही चढवला की आज किंमतपत्रिकेत हे नाणं दर्शनी किमतीच्या चार हजार पट लागलंय. माझ्याकडे अशी अकरा आहेत. म्हणजे तुझा भाऊ कागदोपत्री सावकार आहे, फक्त चपलेचा अंगठा तुटलाय.

तुझ्या पाच नाण्यांत खालच्या फ्लॅटची तूट भरून शिवाय न्हाणीघराला नवी फरशी बसेल. बेलाशक विसार दे. भाऊजींना कोणा पेशंटने फीऐवजी दिली असतील. त्यांना दाढेपलीकडचं काय कळणार, बिचाऱ्यांना.

कृपादृष्टी ठेवावी.

तुझा पंडित

---

२३ ऑगस्ट

चि. पंडितास,
अ. उ. आशीर्वाद.

विसार दिला. बाकीची रक्कम पुढल्या महिनाअखेर द्यायची, नाहीतर विसार बुडाला. मुलगा चिडलाय. मामाच्या हिशेबावर घर घेणं म्हणजे वाऱ्यावर वरात, असं म्हणाला. मी त्याला सांगितलं की माझा भाऊ बढाईखोर असेल, पण खोटारडा नाही. खालच्या घरात पलंग कुठे ठेवायचा हेसुद्धा ठरवून टाकलंय.

मुलाचा मित्र तिकडे येतोय, त्याच्याबरोबर नाणी पाठवते. विकून टाक. इस्त्रीचा शर्ट घालून जा.

माया आहेच, ती लिहून काय वाढायची.

तुझी ताई

---

४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. तेवढं एकच काम नीट झालं.

लिलाव भरवणाऱ्या व्यापाऱ्यापुढे नाणी मांडली आणि ऐटीत सांगितलं की माझ्या मेहुण्यांची आहेत, दातांचे डॉक्टर होते, आता नाहीत. त्याने चष्मा काढून ठेवला. म्हणाला, आखूड शेपटीला आजवर दोनच गिऱ्हाइकं होती. एक समोर बसलंय आणि फोनवरचं दुसरं हे डॉक्टर. बाकी कोणाला घोड्याची शेपटी मोजायची हौस नाही. वस्तू दुर्मीळ असून भागत नाही, ती हवी असलेली दोन माणसं लागतात. त्यातलं एक गेलं, आता उरली धातूची किंमत. मी माझी अकरा पुढे केली, तर त्याने चहा मागवला. व्यापारी स्वखर्चाने चहा मागवतो तेव्हा समजावं.

किंमतपत्रिकेतला सगळा भाव मी आणि भाऊजींनी मिळून चढवला होता, आणि त्याच भावाचा दाखला देऊन मी तुला विसार द्यायला लावला. जगाच्या चुका शोधणाऱ्याला आरशात बघायचं सुचलं नाही.

आणखी एक. भाऊजी बोली लावण्याआधी दर वेळी विचारायचे म्हणे, मुद्रितवाले सभागृहात आलेत का? मी नसलो तर फोन ठेवून द्यायचे. असलो की भाव चढवत न्यायचे आणि पुरेसा चढला की नाणं मला सोडून द्यायचे. पाच वेळा मीच आधी कच खाल्ली आणि नाणं त्यांच्या गळ्यात पडलं. माझी एवढी थट्टा करावी असं मी त्यांचं काय बिघडवलं होतं, ताई? याचं मला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट वाटतंय ते तुझ्या विसाराचं. तू पलंगाची जागा ठरवलीस हे वाचल्यापासून माझी झोप उडालीय.

क्षमा कर, आणि जमलं तर पूर्वीसारखीच रागाव.

तुझा मूर्ख पंडित

---

११ सप्टेंबर

चि. पंडितास,
अ. उ. आशीर्वाद.

रागावलेच होते. पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि पदर डोळ्याला लावून बसले.

दर वर्षी एका संध्याकाळी हे दवाखान्यात फोनला चिकटून बसायचे. विचारलं तर म्हणायचे, मेहुण्याशी बुद्धिबळ खेळतोय. मला तेच खरं वाटायचं. तुम्हा दोघांचं कधी धड बोलणं होत नसे, म्हणून मला बरंच वाटायचं. घरात पट नाही, सोंगट्या नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा मूर्खपणाचा मक्ता तू एकट्याने घेऊ नकोस.

तुझं ते चार पानी रडगाणं मी ह्यांना वाचून दाखवलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, समोर कोणीच नसलं तर माणूस खचतो गं, कोणीतरी समोर बसायला हवं. ती थट्टा नव्हती, बाळा. भाव चढल्याचं तुझं पत्र आलं की ते दिवसभर शीळ घालत हिंडायचे.

ती पाच नाणी परत पाठव, मला विकायची नाहीत. आणि घराचं ऐक. खालच्या फ्लॅटला खोल्या दोन आहेत. तुझी ती गल्लीतली खोली विकून टाक, कमी पडते ती रक्कम भर आणि मागच्या खोलीत राहायला ये. उपकार म्हणून नको, भागीदार म्हणून ये. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, मामाचा हा पहिलाच व्यवहार मला पटला.

आता नाही म्हणून माझे गुडघे दुखवू नकोस.

तुझी ताई

---

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

खोली शेजारच्या शिंप्याने घेतली. फ्लॅटची बाकी रक्कम मुदतीत पोचल्याची तुझी तार मिळाली. तुझी पाच आणि माझी अकरा नाणी एकाच डब्यात भरली आहेत. रविवारी सामानासकट येतो. सामान थोडं आहे, बढाया जास्त.

काल माझा इथला शेवटचा लिलाव म्हणून सहज डोकावलो. एक आखूड शेपटी आली होती. सुरुवातीचा भाव पुकारला आणि मी हात वर केला. फोनच्या टेबलाकडे पाहिलं. तिथली मुलगी पेन्सिलीला टोक करत बसली होती. पुकारणाऱ्याने एकवार म्हटलं, दोनवार म्हटलं, आणि ताई, माझा हात पुन्हा वर गेला. तो म्हणाला, साहेब, आधीची बोली तुमचीच आहे. मी म्हटलं, ठाऊक आहे, एक पायरी चढवा.

सभागृह हसलं. मीही हसलो, पण नाक पुसावं लागलं. पुढच्या किंमतपत्रिकेत भाव यंदाही पुकारल्यापेक्षा एक पायरी चढलेला दिसेल.

मायेत खंड पडू देऊ नये, एवढीच विनंती.

तुझा पंडित