बाबांच्या सहीची जागा

फ्रेजरपुरा, अमरावती
दि. ४ जानेवारी १९६५

ती. बाबांना वच्छलाचा जयभीम. मायलाही सांगावा.

मी खुशाल आहे. धाकट्या शालूचे पत्र परवा मिळाले. माझे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, म्हणजे तुमचे तुम्हालाच वाचता येईल. शालूला वाचायला लावू नका. ती मधल्या ओळी गाळते आणि स्वतःच्या घालते.

शाळा सुरू झाली आहे. नववीच्या मुलींना सध्या लोहचुंबक शिकवते. ऑक्टोबरात नागपूरहून परतताना तुम्ही इथे उतरला होतात, तेव्हा तुमचा खाकी सदरा धुण्याआधी मी कागदावर झटकला होता, आठवते का? तुम्ही म्हणालात, "सदऱ्याची झडती घेऊन राह्यली का वो मास्तरीण?" ती धूळ मी पुडीत जपून ठेवली होती. मागच्या आठवड्यात वर्गात तिच्या कागदाखाली चुंबक फिरवला, तर अर्धी धूळ उठून उभी राहिली. ते लोखंड, गाड्यांच्या ब्रेकचे ड्रम झिजून निघालेले. उरलेली अर्धी जागची हलली नाही. ती करडी आहे, बारीक केसांसारखी. ब्रेकच्या लायनरमध्ये दगडाचे सूत घालतात, त्याला ॲस्बेस्टॉस म्हणतात. ते जळत नाही, कुजत नाही. एका मुलीने विचारले, "बाई, हे पोटात गेलं तर?" मी म्हटले, पोटात नाही, छातीत जाते. तेवढ्यात तास संपला.

अकोल्याच्या एस. टी. डेपोत अजून ड्रम उघडला की हवेच्या पाइपनेच फुंकता का? मोर्णेच्या पुलाच्या उतारावर गाड्या दिवसभर ब्रेक दाबत जातात, आणि त्यातून झिजलेले सगळे तुमच्यापुढे येऊन उडते. ते तुमच्यापाशीही थांबत नाही. फाटकातून रस्त्यावर जाते आणि गाडीची वाट पाहणारी माणसे त्यातच उभी असतात.

माय मागे म्हणाली होती ते मला रोज आठवते. "आंगण झाडाच्या आंधी पाणी शिपडा लागते, हे बायाइले समजते. तुमच्या डेपोत एवढे मानसं, एकालेई समजत नाई?" ती कापसाच्या जिनात काम करणारी बाई, नाकाला पदर बांधल्याशिवाय रुईच्या ढिगाजवळ गेली नाही. तुम्ही भाकरीवरून मान वर केली नव्हती. पण तिचे खरे आहे. पाइप बंद करायचा, ड्रम ओल्या कुंच्याने पुसायचा, खाली ओले गोणपाट अंथरायचे आणि जमलेला चिखल खड्ड्यात पुरायचा. एवढेच.

खोकला कसा आहे? बाटलीवरच्या कागदी खुणेप्रमाणे औषध घेता ना?

आणि साहेबांनी काही विचारायला बोलावले तर घाबरू नका. का बोलावतील, ते मला माहीत नाही. उगाच लिहिले.

वच्छला


अमरावती
दि. २१ जानेवारी १९६५

ती. बाबा,

जयभीम. तुमचे उत्तर नाही, शालूचेही नाही. पण सहदेवकाका परवा डेपोतून सुटी घेऊन चांदूर बाजारला जाताना इथे थांबले आणि त्यांनी सगळे सांगितले. त्यांचेच शब्द लिहिते, म्हणजे मला किती कळले ते तुम्हाला कळेल.

"वच्छे, साहेबानं तुह्या बापाले हापिसात बलावलं. आमी दारातच होतो. साहेबानं कागद पुढं केला. 'बुधाजी, ही सही तुझी?' बुधाजीनं कागद हाती घेतला, पाह्यला, पाह्यला. अन् म्हने, 'हो साहेब, माहीच हाय.' आमाले समद्याइले मालूम, हा मानूस अर्ज करनारा नोहे. साहेब म्हने, 'अर्जात पाणी मागितलं ना? मग घे पाणी. उद्यापासून गाड्या धू.'"

काका हे सांगताना हसले, आणि मग माझ्याकडे पाहून त्यांनी हसू आवरले. डेपोत आता तुम्हाला पाणीवाले मिस्त्री म्हणतात, हेही त्यांनीच सांगितले. पंधरा वर्षे ब्रेकचे काम केलेला माणूस फडके घेऊन गाड्यांच्या खिडक्या पुसतो आहे.

बाबा, ती सही मी केली.

डिसेंबरात मी अर्ज लिहून आणला होता, तो तुम्ही वाचून परत दिलात. म्हणालात, "धूळ खाऊनच त तुले बी. एस्सी. केलं ना बाई? आता ते धूळ वाईट झाली?" मी कागद पिशवीत घातला आणि अमरावतीला आल्यावर त्याच्याखाली तुमचे नाव लिहून टपालात टाकला.

असे करताना माझा हात का थांबला नाही, याचा मी परवापासून विचार करते आहे. वस्तीतले अर्ज मी सातवीत असल्यापासून लिहिते. लोक येतात, सांगतात, मी लिहिते, ते अंगठा देतात. कोणी गावाला गेलेले असले की बाकीचे म्हणतात, "तूच करून टाक वं पोरी त्याची." नळाच्या अर्जावर अकरा जणांच्या सह्या मी केल्या होत्या. त्याला कोणी खोटे म्हटले नाही. नळ आला, पाणी सगळ्यांनी भरले. मला वाटले, हेही तसेच.

तसे नव्हते. त्या अकरा जणांना नळ हवा होता. तुम्ही मला नाही म्हणाला होतात.

आणि तुमची सही म्हणजे काय, हे मला माहीत नाही असे नाही. दीक्षेनंतरच्या वर्षी विहारात वर्ग निघाला, तेव्हा तुम्ही बेचाळीस वर्षांचे होता. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचे, ही तुमची रीत. माय म्हणायची, "दोरीवर कपडे वाळू घातल्यावानी." पगाराच्या दिवशी कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला, तो तुम्ही बाजूला सारलात आणि पेन मागितलेत. त्या दिवशी तुम्ही वस्तीत शिरताना रोजच्यापेक्षा हळू चालत होतात. मी तेव्हा ओट्यावर होते, मी पाहिले आहे.

मीही आधी रेघच ओढली. त्याआधी रफ वहीत नऊ वेळा करून पाहिली होती.

सहदेवकाका म्हणाले, "आता बुधाजीच्या जागी मी हाओ. पाइप माह्या हाती. तू घोर नको करू, धुळीनं कोनी मरते का?" म्हणजे पाइप बंद झालाच नाही. फक्त धरणारा बदलला. हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटले ते लिहिते. मला बरे वाटले. काका समोर बशीत चहा ओतून पीत होते, आणि तुम्ही धुळीतून बाहेर आलात म्हणून मला बरे वाटत होते.

असे वाटण्याला कारण आहे. ते आज लिहिता येत नाही.

तुम्ही साहेबांपुढे "माहीच हाय" म्हणालात. मला वाचवायला म्हणालात.

वच्छला


अमरावती
दि. ९ फेब्रुवारी १९६५

ती. बाबा, माय, शालू,

तिघांना जयभीम. हे पत्र सगळ्यांसमोर वाचावे. शालूने वाचले तरी चालेल, पण तिने यातली एकही ओळ गाळू नये.

बाबा, तुमचे कार्ड मिळाले. पत्त्याची बाजू शालूच्या अक्षरात आहे. मागची बाजू मी उलटली, तर तिथे ना जयभीम, ना खुशाली. मधोमध फक्त तुमची सही, बुधाजी नत्थुजी तायडे. पोस्टमनसुद्धा म्हणाला, "बाई, लिहायचं राहून गेलं वाटते." मी म्हटले, नाही, सगळे लिहिले आहे.

मी रफ वही काढून दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. माझी रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. तुमची आडनावापाशी खाली उतरते आणि तिथे शाईचा एक ठिपका पडला आहे. तिथे तुम्हाला खोकला आला असावा. साहेबांनी नीट पाहिले असते तर त्यांनाही कळले असते. तुम्हाला तर पाहताक्षणी कळले होते.

आता मागच्या पत्रात जे लिहिता आले नाही ते लिहिते.

ऑक्टोबरात तुम्हाला इथे डॉक्टरांकडे नेले आणि छातीचा फोटो काढला. तुम्ही आत सदरा घालत होतात तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले आणि फिल्म खिडकीकडे धरली. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट सांगतो. या छातीत जे बसलं आहे ते आता निघणार नाही. वाढू नये, एवढंच आपल्या हातात आहे. यांना पुन्हा धुळीत जाऊ देऊ नका." तुम्ही गुंड्या लावत बाहेर आलात आणि विचारलेत, "काय म्हने डॉक्टर?"

मी म्हणाले, थंडी भरली आहे, औषध दिले आहे.

तुम्ही म्हणालात, "मंग एवढा मोठा फोटो काहून काढला?" मी म्हटले, हल्ली सगळ्यांचाच काढतात. आणि तुम्हाला अकोल्याच्या गाडीत बसवून दिले.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने तुम्ही रोज ड्रम उघडलेत आणि पाइप धरलात. मी इथे पुडीतली धूळ मुलींना दाखवत होते. ग्रंथालयात त्यावर वाचत होते. साऱ्या शहराच्या हवेबद्दल मला कळकळ होती. ती खरी होती, पण ती एका वाक्याने सुरू करायला हवी होती, आणि ते वाक्य तुमच्या तोंडावर बोलण्याची मला भीती वाटली. ऐकून तुम्ही काम सोडाल याची भीती होती, आणि ऐकूनही सोडणार नाही याचीही. म्हणून मी तुम्हाला न सांगता तुमच्या नावाने साहेबांना सांगितले. डिसेंबरात तुम्ही मला नाही म्हणालात ते अर्धेच ऐकून. पुरते ऐकले असते तर काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही. विचारण्याची वेळ मी घालवली.

आणि आता सहदेवकाका तिथे उभे आहेत. त्यांनाही कोणी सांगितलेले नाही. तेही मीच सांगितलेले नाही, माझ्या समोर बसून चहा प्याले तरी.

लिफाफ्यात दोन कागद आहेत. पहिला डॉक्टरांचा. इंग्रजीत आहे, पाठीमागे मी मराठीत लिहिले आहे, काही गोड केलेले नाही. तो सहदेवकाकांनाही वाचून दाखवावा. दुसरा नवा अर्ज आहे. त्यात पाण्याची बादली, कुंचा, गोणपाट आणि खड्डा, हे पूर्वीसारखेच आहे. "अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडतात, तसे" हे मायचे शब्द या वेळी तिच्या नावासह घातले आहेत, कारण ते माझे नव्हते. पण सुरुवातीला एक वाक्य नवे आहे: "मागच्या अर्जावरील सही माझी मुलगी वच्छला हिने मला न विचारता केली होती. ही सही माझी आहे."

शाळेच्या कानावर गेले तर काय होईल, असे शालूच्या मनात येईल. होईल ते मी पाहीन. तुम्हाला त्याची काळजी करून सही करायची किंवा नाकारायची नाही.

तुम्ही अर्ज फाडून टाकलात तरी चालेल. गाड्याच धुवायच्या ठरवलेत तरी चालेल. रविवारच्या पॅसेंजरने मी येते आहे, फिल्म घेऊन. ओट्यावर उजेडात धरीन आणि तुम्ही विचाराल ते सगळे सांगीन. बोलायचे नसेल तर मायजवळ बसून परत जाईन.

अर्जाच्या खाली उजव्या हाताला तुमच्या सहीची जागा सोडली आहे. तिथे मी रेघसुद्धा ओढलेली नाही.

आपली,
वच्छला बुधाजी तायडे