शंकानिरसनाची वेळ

गुरुवार, संध्याकाळ. केडगाव

पुढच्या सत्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडा उद्या प्राचार्यांकडे द्यायचाय. उद्दिष्टं, संदर्भग्रंथ, गुणांची विभागणी, सगळं भरून झालं. भरलं कसलं, जुनाच उघडला आणि वरचं सत्र बदललं. दर वेळी हेच. कंटाळा आलाय आता.

पण एका ओळीवर अडलोय. ‘शंकानिरसन : शुक्रवारी तीन ते चार, खोली क्रमांक नऊ.’

आज तास संपल्यावर पहिल्या बाकावरची बेलापूरची मुलगी थांबली. म्हणाली, “सर, तुमी नऊ नंबरला कधी येता? मी तीन शुक्रवार तिथं बसले हुते. कुलूपच हाय.”

मीटिंग होती म्हणालो. तिन्ही शुक्रवारी? नऊ नंबरमध्ये मोडकी बाकं कोंबलीत, कधीपासून ते मलाही आठवत नाही. त्या दाराबाहेर ती साडेतीनची एसटी सोडून बसायची.

ओळ खोडून टाकू का? निदान खोटं तरी उरणार नाही. इतक्या वर्षांत सूचनाफलकावर लागणारा हा कागद कुणी वाचत असेल असं वाटलंच नव्हतं. तिने वाचला, आणि खराही मानला.

आणि मी? मीटिंगचं सांगून स्टाफरूमकडे निघालो. तिची शंका काय होती, ते विचारायचंच राहिलं.