पाणी प्यायला गेलेली फॉरवर्ड

सर,

रविवारी सकाळी साडेसातला माझा चहा जप्त झाला. आलं घातलेला, अर्धाच प्यायलेला. हल्ली हॉकी निळ्या गालिच्यावर खेळतात आणि त्याच्या आसपास चहा घेऊन फिरणं हा गुन्हा आहे. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "चहा बाहेर, तुम्ही आत. नाहीतर दोघंही बाहेर." मी म्हटलं, "अहो, मी सांडणार नाही." तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." तुम्ही आम्हाला खडकीच्या मुरमावर खेळवलंत. तिथे चहा सांडला असता तर निदान धूळ तरी बसली असती. ही माझी तक्रार, आता मुद्दा.

माझी लेक फुलबॅक खेळते. एकोणीस वर्षांची आहे. तिला जे येतं ते मी शिकवलं, म्हणजे तुम्हीच शिकवलंत, जरी तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. कारखान्याचा भोंगा वाजला की तुम्ही तसेच खाकी शर्टात, हँडलला जेवणाचा डबा अडकवून सायकलवरून येताय, हे मला अजून दिसतं. क्वार्टर्समधल्या आम्ही अकरा मुली, त्यातल्या सहा जणींकडेच स्वतःची स्टिक. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "तुझी फॉरवर्ड पाणी प्यायला गेली, तर तू ग्लास धर." बाकी स्पष्टीकरण शून्य. तीच विद्या मी गच्चीवर लेकीला दिली, ग्लासासकट.

या वर्षी ती नव्या संघात गेली. तिथली कोच नागपूरकडची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिच्या संघात फॉरवर्डच्या मागे कुणी धावत नाही. प्रत्येकीनं मैदानाचा आपापला तुकडा राखायचा. फॉरवर्ड त्यातून बाहेर पडली की शेजारणीला ओरडून सांगायचं, "तुझी", आणि आपण आपल्या जागी थांबायचं. पहिल्याच सामन्यात माझी लेक समोरच्या सेंटर फॉरवर्डला अशी चिकटली की बघत राहावं. ती पोरगी बदली व्हायला मैदानाबाहेर निघाली, तर ही तिच्याबरोबर थेट त्यांच्या बाकापर्यंत. तिथे त्या पोरीनं खरोखरच पाण्याची बाटली उचलली. आणि इकडे हिच्या रिकाम्या जागेतून गोल झाला.

मी कोचला गाठलं. म्हटलं, आमच्या सरांनी हेच शिकवलंय. ती शांतपणे म्हणाली, "काकू, पोरगी जिगरबाज आहे. पण पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायला जाऊन राहिली, अन् घराचं दार उघडं. आणखी दोन मॅच बघते. नाही जमलं तर बाकावर बसवीन." मी तिला उलट बोलणार होते. पण वाक्य चांगलं होतं, आणि चांगल्या वाक्यापुढे माझं चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्याकडे जेवण बेचव होतं. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या ओट्यावर मांडून लेक बचाव पाठ करायची. "आई, हळदीसमोरची फॉरवर्ड इकडे सरकली, तर जिऱ्यानं काय करायचं?" मी म्हणायचे, "जिऱ्यानं आमटीत यायचं." ती हसायची नाही. बाकाची भीती होती तिला. पायांना धावायची सवय, तोंडाला गप्प बसायची. तिला थांबायचं होतं आणि ओरडायचं होतं. दोन्ही माझ्या शिकवणीच्या उलट. दुसऱ्या सामन्यात तिनं "तुझी" म्हटलं, पण स्वतःशी कुजबुजल्यासारखं. शेजारणीला पत्ता नाही. तो सामना कसाबसा बरोबरीत सुटला. त्या दिवशी वाट्या आवरताना ती म्हणाली, "तुझ्या सरांचं ऐकूनच तुम्ही फायनल हरलात ना? आणि मीही तेच ऐकत बसले."

मी गॅस बारीक केला.

आपण ती फायनल का हरलो, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. सामना संपत आलेला. त्यांची फॉरवर्ड मला कोपऱ्याकडे ओढत होती आणि तुम्ही रेषेवरून ओरडत होतात, "सोड तिला, मध्ये ये." मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण दोनच मिनिटांपूर्वी ती मला जाडे म्हणाली होती. मी तिला सोडणार नव्हते. मधून गोल झाला. मग कारखान्याचे साहेब सगळ्यांसमोर विचारतायत, ही पोरगी तिकडे काय करत होती, आणि तुम्ही म्हणताय, "मीच पाठवलं होतं, साहेब." मी मान खाली घालून उभी. पुढे मी हीच गोष्ट, म्हणजे सरांनीच मला तिकडे पाठवलं, अशी सगळीकडे सांगितली, तिखटमीठ लावून, माझ्या खास शैलीत. लोक हसायचे. तुमच्यावर.

तर रविवार. तिसरा सामना, एका गोलची आघाडी, शेवटची दोन मिनिटं. त्यांची फॉरवर्ड हिला तसंच बाजूला ओढू लागली. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. लेकीचं पाऊल उचललं, मला दिसलं. आणि ते परत खाली टेकलं. "तुझी," ती ओरडली. सर, काय आवाज होता. पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघत होते. शेजारीण त्या फॉरवर्डवर गेली आणि पुढच्याच क्षणी चेंडू मधून आला, बरोबर जिथे माझी मुलगी उभी होती तिथे. तिनं तो थांबवला, मान वर केली आणि दूर मारून दिला. घाई नाही, काही नाही. जणू तो तिच्याकडेच यायचा होता. शिट्टी झाली तेव्हा मी बाकड्यावर उभी होते. शेजारच्या गृहस्थांनी "ताई, खाली उतरा" असं दोनदा सांगितलं. मी त्यांना तुमचा सामना नसेल तर घरी जा, असं एकदाच सांगितलं.

कोच म्हणाली, "काकू, आता हिला बाकावर बसवायचं म्हटलं तरी टीम मला बसवू देणार नाही." लेक घामानं निथळत होती आणि चेहऱ्यावर असं तेज की बघवेना. तिनं माझ्याकडे बोट दाखवून कोचला हसत सांगितलं, "मॅडम, हिच्या सरांनी असं शिकवलं असतं तर हीपण फायनल जिंकली असती."

तेव्हा मी सांगितलं. दोघींसमोर, उभ्या उभ्या. की सर ओरडले होते, मध्ये ये म्हणून. मी ऐकलं होतं. चूक माझी होती आणि ती त्यांनी स्वतःवर घेतली.

लेकीनं विचारलं, "मग गेली का नाहीस?"

"ती मला जाडे म्हणाली होती."

"होतीस?"

"थोडी."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग बुटाच्या नाड्या सोडता सोडता, वर न बघता म्हणाली, "बिचारे सर."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. यातली मुख्य बातमी तुम्हाला पहिल्यापासून माहीत होती. ज्यांना नव्हती, त्यांना सांगून झालं.